पाणी कमी करायचं तर कधी? बदाम, पिस्ता, काजू आणि सांगोल्याचं डाळिंब

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा. सांगोल्याजवळ मुरमाड रानात २ एकर भगवा जातीचं डाळिंब, बाग सहाव्या वर्षात, लागण १५ बाय १० फुटांवर. बांधालगत काजूची ४० झाडं, वेंगुर्ला-४ जातीची, पाचवं वर्ष. पाणी एका बोअरचं आणि शेततळ्याचं, मार्चनंतर निम्म्यावर येतं. मेहुणे कॅलिफोर्नियात बदामाच्या बागांवर पाण्याचं काम बघतात. त्यांनी फोनवर सांगितलं की तिकडे मुद्दाम पाणी तोडतात आणि त्याने बदामाची प्रत सुधारते. मग आपणही सरसकट ३० टक्के पाणी कमी केलं तर उत्पादन किती घटेल? आणि काजूला पाणी द्यायचंच का?

मेहुण्यांनी सांगितलं ते खरं आहे, फक्त अर्धंच तुमच्यापर्यंत पोचलंय. तिकडे पाणी सरसकट तोडत नाहीत. वर्षातले दोन-तीन आठवडे तोडतात आणि बाकी वर्षभर झाडाला ददात पडू देत नाहीत. तुमच्या प्रश्नातला ‘सरसकट’ हा शब्द आधी खोडा. घोळ सगळा त्याच शब्दात आहे.

मी सोलापूर जिल्ह्यात २२ वर्षं ठिबकची आखणी आणि बागांच्या पाण्याचा हिशोब करतोय, बहुतेक डाळिंबातच. बदाम आपल्याकडे होत नाही. त्याला हिवाळ्यात जी थंडी लागते ती आपल्या जिल्ह्यात पडत नाही. पण पाण्याची पातळी आणि फळाची प्रत यांचं नातं कवचफळांच्या (बदाम, पिस्ता, अक्रोड) बागांमध्ये जितकं बारकाईने तपासलंय तितकं फार थोड्या पिकांत तपासलं गेलंय. म्हणून आधी तिकडचं सांगतो, मग तुमच्या बांधावर येतो.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासदौऱ्यात कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टोजवळच्या बदाम बागेत मी अर्धा दिवस काढला होता. जुलैचा पहिला आठवडा, दुपारचे दीड-दोन वाजलेले. तिथला पाणी बघणारा माणूस खोडाजवळचं, सावलीतलं एक पान निवडायचा, त्याला चंदेरी कागदाची पिशवी चढवायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचा. दहा-पंधरा मिनिटांनी परत यायचा, पान पिशवीसकट खुडायचा, देठ ब्लेडने सरळ कापायचा आणि पान एका जाड लोखंडी डब्यात बंद करायचा. देठाचं टोक तेवढं झाकणाच्या भोकातून बाहेर. मग नळकांड्यातला नायट्रोजन हळूहळू आत सोडायचा आणि भिंग लावून टोकाकडे बघत राहायचं. दाबाचा काटा चढत जातो, टोक कोरडंच असतं, आणि मग एकदम कापलेल्या जागी ओल चमकते. त्या क्षणी काटा जिथे असेल तो आकडा वहीत लिहायचा. त्या झाडाचा आकडा १५ बार होता (बार हे दाबाचं माप).

याचा अर्थ असा. झाड जितकं तहानलेलं, तितक्या जोराने ते पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी देठापर्यंत ढकलायला तितकाच दाब द्यावा लागतो. पोटभर पाणी असलेलं बदामाचं झाड तिथल्या जुलैच्या उन्हात साधारण ८-९ बार दाखवतं. साल उकलायला लागली की बागायतदार ते १४ ते १८ बारच्या दरम्यान आणून दोन आठवडे तिथेच धरतात. आपण पानाची मान पडली का बघतो, ते काटा बघतात. पानाची मान पडेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं, एवढाच फरक.

आता हे दोन आठवडे नेमके कोणते, तेच सगळ्यात महत्त्वाचं. बदामाला बाहेरून हिरवी साल, आत कवच, त्याच्या आत गर. जुलैच्या सुमारास हिरवी साल शिवणीवर उकलते. त्या फटीत रायझोपस नावाची बुरशी शिरते, तीच भाकरीवर येणारी काळी बुरशी. ती सालीत एक विषारी आम्ल सोडते, ते फांदीत उतरतं आणि फळ देणारी काडीच वाळते. म्हणजे या वर्षीचा बदाम झाडाला चिकटून राहतो आणि पुढच्या वर्षीची काडीही जाते. ज्या झाडाला पाणी आणि नत्र दोन्ही भरभरून, तिथे हा रोग जास्त. साल उकलताना पाणी बेताचं ठेवलं तर रोग कमी होतो, साली बरोबरीने उकलतात, यंत्राने झाड हलवल्यावर बदाम एकदम पडतो. तोवर गर भरून झालेला असतो, म्हणून वजनाला फारसा धक्का लागत नाही. ‘पाणी तोडलं की बदाम सुधारतो’ हे वाक्य या दोन आठवड्यांपुरतं खरं आहे.

हीच तूट दोन महिने आधी, गर भरत असताना दिली तर? गर बारीक राहतो, सुरकुततो. आणि काढणीनंतर दिली तर सगळ्यात वाईट, कारण नुकसान त्या वर्षी दिसतच नाही. बदामाच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि काढणीनंतर आकार घेत असतात. त्या वेळी बाग कोरडी पडली की पुढच्या फेब्रुवारीत फुलं आणि सेटिंग (फळधारणा) घटतं. तिकडच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय: काढणीआधीची तूट गराचा आकार खाते, काढणीनंतरची तूट फळांची संख्या खाते. बागायतदाराला मात्र वाटतं, माल निघाला, आता कशाला पाणी. तिकडेही असंच वाटतं, आपल्याकडेही.

पिस्त्याचं गणित याहून मजेशीर आहे. त्यात आधी कवच वाढतं, मग कवच टणक होतं, आणि शेवटी गर भरतो. मधल्या टप्प्यात, म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, गरजेच्या निम्मं पाणी दिलं तरी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांत उत्पादन घटलं नाही. त्या टप्प्यात आत काही वाढतच नसतं. पण गर भरायच्या टप्प्यात तीच तूट दिली की पोकळ फळं वाढतात आणि तोंड उघडलेला पिस्ता कमी निघतो. दुकानात आपण जो पिस्ता नखाने सोलून खातो तो उघड्या तोंडाचा. बंद तोंडाच्या मालाला तो भाव नाही. पाणी तेवढंच वाचलं, महिना चुकला, आणि माल बंद तोंडाचा निघाला.

अक्रोड मात्र हट्टी. त्याला ऐन उन्हाळ्यातली तूट सोसत नाही, गर काळपट आणि सुरकुतलेला होतो, आणि अक्रोडाचा भाव गराच्या उजळपणावर ठरतो. पण त्याच अक्रोडाला वसंतात लवकर पाणी सुरू केलं तर मुळं गुदमरतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या मंडळींनी दाखवून दिलं की पहिलं पाणी झाडाने थोडी तहान दाखवेपर्यंत लांबवलं तर झाड पुढे जास्त टवटवीत राहतं. जास्त पाणी हेही नुकसानच असतं. आपल्याकडे हे मान्य करायला माणसं तयार नसतात, कारण पाणी ही कष्टाने मिळालेली वस्तू, ती देताना हात आखडावा असं कुणालाच वाटत नाही.

आता तिकडची युक्ती इकडे जशीच्या तशी का चालत नाही, ते बघा. कॅलिफोर्नियाच्या त्या खोऱ्यात पूर्ण वाढलेल्या बदाम बागेला वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. त्याच खोऱ्यातल्या फ्रेस्नोला पाऊस पडतो सुमारे २८० मिलिमीटर, तोही हिवाळ्यात. उन्हाळा ठणठणीत कोरडा. म्हणजे तोटी बंद केली की ती बंदच. वरून कुणी उघडत नाही. आपल्याकडे तुम्ही पाणी तोडून ताण द्यावा आणि तिसऱ्या दिवशी वळवाने दोन इंच ओतावं, हे दरवर्षीचं. दुसरं, तिकडची बहुतेक जमीन गाळाची, खोल. पाणी तोडलं तरी ताण चढायला आठवडा-दोन आठवडे लागतात, मोजायला वेळ मिळतो. तुमच्या रानात दीड फुटावर मुरूम लागतो. एप्रिलमध्ये तिथे पाणी तोडलं की तीन-चार दिवसांत झाड वाकतं. तिकडे ३० टक्के तूट म्हणजे सावकाश उतरणारा जिना, तुमच्याकडे तीच विहिरीत उडी.

उत्पादन किती घटेल, हा तुमचा थेट प्रश्न. एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, १९७९ मध्ये यासाठी एक साधं गणित मांडलं: पिकाला जितकं पाणी वापरायला मिळायला हवं त्यात किती टक्के तूट पडली, त्याला त्या पिकाच्या, त्या टप्प्याच्या आकड्याने गुणायचं, की उत्पादनातली घट निघते. आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ, भुईमूग. पूर्ण हंगामासाठी त्याचा आकडा ०.७. म्हणजे हंगामभर ३० टक्के तूट पडली तर २१ टक्के घट. पण फुलोऱ्यात आकडा ०.८ आणि शेंग पक्व होताना फक्त ०.२. शेवटच्या टप्प्यात ३० टक्के तूट पडली तर घट अवघी ६ टक्के. बघणारा म्हणेल, मग शेवटीच पाणी तोडा की!

इथेच फसगत होते. त्या शेवटच्या तीन ते सहा आठवड्यांत जमीन कोरडी आणि गरम राहिली की शेंगेत अ‍ॅस्परजिलस बुरशी घुसते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. वजन ६ टक्क्यांनीच घटलं, पण माल निर्यातीतून बाद. सोलापूरची शेंगाचटणी करणाऱ्या कुठल्याही जुन्या बाईला विचारा, काळपट, कडवट दाणा ती हाताने वेचून बाजूला टाकते. मात्र विष असलेला प्रत्येक दाणा डोळ्यांना दिसत नाही. उत्पादन आणि प्रत एकाच दिशेने जातात हे गृहीत धरू नका. बदामात साल उकलताना तूट दिली तर वजन तसंच राहून प्रत सुधारते, भुईमुगात पक्व होताना दिली तर वजन जवळपास तसंच राहून प्रत नासते.

आता डाळिंब. खरं तर मुद्दाम पाणी तोडण्याचं शास्त्र तुम्हाला मेहुण्यांकडून शिकायची गरजच नव्हती. आपण बहार धरतो, म्हणजे ठरवलेल्या हंगामात फुलं आणतो, तेव्हा दुसरं काय करतो? पाणी तोडायचं, पानं पिवळी पाडायची, निम्म्याहून जास्त गळ झाली की इथरेल (पानगळीचं औषध) मारून उरलेली उतरवायची, छाटणी, खत, आणि मग पुन्हा पाणी देऊन ताण तोडायचा. हे सगळं आपल्या आज्यांना ठाऊक होतं, इथरेल सोडून. मुरमाडात ताण तीन-चार आठवड्यांत बसतो, भारी काळ्या रानात दीड महिना लागतो. शेजाऱ्याचं बघून दिवस मोजू नका, पान बघा. आणि पाणी एका दिवसात बंद करू नका, आठवडाभर उतरवत न्या.

तुमच्यासाठी मात्र टक्क्यांपेक्षा मोठा निर्णय वेगळाच आहे: बहार कोणता? तुम्ही ते लिहिलंच नाही, पण ‘मार्चनंतर पाणी निम्म्यावर’ आणि चिंता फळाची, यावरून आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं) दिसतोय. आंबे बहारात फळ फुगतं ते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे बाष्पीभवन सगळ्यात जास्त आणि तुमचं बोअर सगळ्यात थकलेलं, दोन्ही एकाच वेळी. तिथे तुम्ही ३० टक्के कापलं तर फळ लहान राहणार. पहिल्या वजनगटातलं फळ तिसऱ्यात जाणार. माझं स्पष्ट मत आहे, या पाण्यावर आंबे बहार धरू नका. मृग बहार (जून-जुलैतली फुलं) धरला तर एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत बाग ताणावर असते. ज्या दिवसांत तुमच्याकडे पाणी नाही, नेमकं त्याच दिवसांत झाडाला ते नकोय. टक्के कापायची वेळच येत नाही. मृगात तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा धोका जास्त, हे मान्य. पावसाळी हवेत फळ सांभाळावं लागतं आणि फवारणीचा खर्च वाढतो. तरीही पाण्याविना फुगवण काढण्यापेक्षा तो धोका परवडतो. हस्त बहाराला (सप्टेंबर-ऑक्टोबरातली फुलं) भाव चांगला मिळतो, पण ताण द्यायचा ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि आपल्याकडे खरा पाऊस नेमका तेव्हाच येतो. हलक्या रानात काही वर्षं तो जमतो, काही वर्षं पाऊस ताण बसूच देत नाही.

मृग धरलात तर दोन जागा सांभाळायच्या. पहिली, डिसेंबर-जानेवारीत तोडा झाल्यानंतरचे फेब्रुवारी-मार्च. बदामाची काढणीनंतरची गोष्ट आठवा. आपला शेतकरी माल गाडीत चढला की बागेकडे पाठ फिरवतो आणि थेट मेमध्ये कात्री घेऊन येतो. त्या दोन महिन्यांत झाडाने काडीत साठा केला तरच जूनमध्ये कळी जोरकस निघते. उपाशी झाडाला ताण दिला तर तो ताण राहत नाही, छळ होतो, आणि नर फुलांचाच खच पडतो. दुसरी जागा जूनची. मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबून ताण तोडला आणि पुढे तीन आठवडे उघडीप पडली, हे सांगोल्याला नवं नाही. छाटणीनंतर झाडाची गरज कमी असते, दिवसाला साधारण १५ लिटर. तुमची झाडं ५८० च्या आसपास. २५ दिवसांचे सव्वादोन लाख लिटर शेततळ्यात शिल्लक असल्याशिवाय ताण तोडू नका.

आता १५ लिटर आले कुठून? हिशोब एकदा हाताने करून बघा, मग कुणाला विचारावं लागत नाही. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या भांड्यातून दिवसाला १० मिलिमीटर पाणी सहज उडतं. उघड्या भांड्यातून जरा जास्तच उडतं, म्हणून त्याचे ०.७ धरले की ७. त्यातलं झाड किती वापरतं तो गुणांक, डाळिंबाच्या पूर्ण पानोऱ्याला ०.७ धरला की ४.९ मिलिमीटर. झाडाच्या घेराचा व्यास अडीच मीटर, म्हणजे सावली ४.९ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, तेव्हा २४ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली की २७ लिटर. तुमच्या २ एकरांना दिवसाला साडेपंधरा हजार लिटर. जूनमध्ये बाष्पीभवन ८ आणि छाटणीमुळे गुणांक ०.५ धरा, आकडा १५ वर येतो. थंडीत १२ च्या आसपास. सहा-सहा तास मोटार चालू ठेवून ‘पाणी भरपूर दिलं’ म्हणणारे पुष्कळ आहेत. किती लिटर दिलं विचारलं की तास सांगतात.

तास सांगू नका, कारण ड्रिपर खोटं बोलतात. ४ लिटरच्या ड्रिपरखाली ३ मिनिटं भांडं धरलं तर २०० मिली भरलं पाहिजे. माझ्या स्वतःच्या प्लॉटवर, दुसऱ्यांना शिकवण्यात वर्षं गेल्यावर, एकदा घरच्या पोराने औषधाच्या मापाने हे मोजलं. लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) सुरुवातीला १९५, शेवटच्या झाडाला ११०. बोअरचं पाणी जड, क्षार बसून तोंडं अर्धी बंद झालेली. टोकाची झाडं दोन वर्षं निम्म्या पाण्यावर होती आणि मी त्यांना खतं वाढवत होतो. तुम्ही ३० टक्के कापायच्या आधी वीस ड्रिपर मोजा: पाच सुरुवातीचे, दहा मधले, पाच टोकाचे. बऱ्याच बागांत पाणी आधीच कापलेलं असतं, फक्त चुकीच्या झाडांचं. आणि सुरुवातीच्या झाडांखाली कुदळीने दीड फूट खणा. मुरमाच्या थरावर पाणी साचून चिखल दिसला तर तिथलं पाणी कमी करा, उत्पादन एक फळाने घटणार नाही. उलट मुळं श्वास घेतील. २०२० च्या ऑक्टोबरातल्या पावसानंतर मर (झाड वाळवणारा रोग) आणि खोडकिडीने आपल्याकडच्या किती बागा उपटल्या गेल्या, ते तुम्हाला सांगायला नको. मर आणणाऱ्या सेराटोसिस्टिस बुरशीचे भाऊबंद तिकडच्या बदामातही आहेत. ओल्या झाडाची साल यंत्राने सोलवटली की त्या जखमेतून शिरतात, म्हणून तिकडे झाड हलवण्याआधी पाणी बंद करतात.

डाळिंबात प्रत बिघडते ती कमी पाण्यापेक्षा अनियमित पाण्याने. एका उन्हाळ्यात माझं बोअर बारा दिवस बसलं, फळं चार महिन्यांची. सालीची वाढ थांबली, ती कडक झाली. मग टँकर मिळाला आणि मी घाबरून बारा दिवसांची भरपाई दोन दिवसांत केली. चौथ्या दिवशी सकाळी बागेत शिरलो तर फळांवर वरपासून देठापर्यंत उभ्या चिरा, आत दाणे अजून फिके, आणि त्यावर मुंग्या आलेल्या. साल ताणत नव्हती आणि दाणे फुगत होते, दुसरं काय होणार? पाणी कमीच मिळणार असेल तर ते रोज कमी द्या, पण रोज द्या. १८ लिटर रोज मिळालेलं फळ थोडं लहान राहील, पण शाबूत राहील. ४ दिवस शून्य आणि पाचव्या दिवशी ९० लिटर, हे बेरजेला तेवढंच, पण फळाला ती बेरीज समजत नाही. तूट आल्यावर पाणी पुन्हा वाढवायचं झालं तर चार-पाच दिवसांत पायरीपायरीने वाढवा. सेटिंगनंतरचे पहिले पाच-सहा आठवडे तूट देऊच नका, फळाचा आकार तिथे ठरतो. तोडणीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत १०-१५ टक्के कमी चालतं, रंग आणि गोडी उलट बरी येते.

बुंध्याभोवती उसाचं पाचट अंथरा. सगळ्यात स्वस्तात वाचणारं पाणी तेच. बाकी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे बागेच्या वयानुसार आणि महिन्यानुसार पाण्याच्या शिफारशी आहेत, तिकडे एकदा चक्कर मारा. आपल्याच जिल्ह्यात अशी संस्था असून माणसं मोबाइलवर सल्ले शोधतात.

राहिला काजू. कोकणात काजू पावसावरच होतो, म्हणून काजूला पाणी लागत नाही असा समज झालाय. लागत नाही हे जगण्यापुरतं खरं. पीक मिळण्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये, बी भरत असताना, थोडं पाणी मिळालं तर लहान फळांची गळ कमी होते आणि बी भरते. प्रतीचा हिशोबही सरळ आहे. काजूगर मोजून विकला जातो: डब्ल्यू-३२० म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये तीनशे ते तीनशेवीस गर, डब्ल्यू-२४० म्हणजे दोनशेवीस ते दोनशेचाळीस. बी बारीक राहिली की गर खालच्या आकड्यातून वरच्या आकड्यात जातो आणि भाव उतरतो.

कर्नाटकातल्या पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयाची शिफारस मोठ्या झाडाला दर ४ दिवसांनी ६० ते ८० लिटरची. तुमच्या पाचव्या वर्षातल्या झाडाला त्याचं निम्मं, ४० लिटर पुरे. ४० झाडं, दर ४ दिवसांनी, म्हणजे दिवसाला सरासरी ४०० लिटर. डाळिंबाच्या मेमधल्या साडेपंधरा हजारांपुढे हे अडीच टक्के. एवढ्यासाठी काजू उपाशी ठेवण्यात काही अर्थ नाही. त्याची लॅटरल मात्र डाळिंबाच्या व्हॉल्व्हपासून वेगळी करा, स्वतंत्र कॉक बसवा, कारण दोघांची वेळ जुळत नाही. पावसाळा सरल्यावर मोहोर निघेपर्यंत काजू कोरडाच राहू द्या. तेव्हा पाणी दिलंत तर नवी पालवी फुटत राहते आणि मोहोर लांबतो. मोहोरावर बारीक बी दिसू लागली की कॉक उघडा. पक्व बी खाली पडू लागली की बंद करा. पडलेली बी ओल्या मातीत दोन दिवस राहिली तरी कवच काळपट होतं, आणि व्यापारी पोत्यात हात घालून आधी तेच बघतो.